मॅरेथॉनची तयारी: आधी आठवड्याचे किलोमीटर, मग कार्बनचे बूट

घाटचढ | १५ जुलै, सकाळी ७:४०

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. हातात सहा महिने आहेत आणि ग्रुपांवर नेहमीचे प्रश्न सुरू झालेत: कार्बन प्लेटचे (तळात कडक कार्बनची पट्टी असलेले) बूट कोणते घ्यावेत, धावताना खायचं साखरेचं जेल कुठलं, बीटाचा रस किती दिवस आधीपासून प्यायचा, घड्याळ कोणतं. आठवड्याला किती किलोमीटर होतात आणि त्यातले किती खरोखर हळू होतात, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

चार ते साडेपाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याचा निकाल कशावर ठरतो? चार-पाच महिने खंड न पडता धावणं, त्यातलं बहुतेक धावणं सावकाश असणं, रविवारची लांब धाव हळूहळू वाढत जाणं, आणि हे सगळं पचेल इतकं जेवण आणि झोप. बाकीच्या गोष्टी यानंतर.

सावकाश का, तर हळू धावताना स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात, स्नायूंभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि त्याच वेगाला चरबी जास्त जाळली जाते. प्रत्येकाचा कालावधी वेगळा असतो. रक्तातला प्लाझ्मा दीड-दोन आठवड्यांत वाढतो. केशवाहिन्यांना आणि मायटोकॉन्ड्रियाला कित्येक आठवडे लागतात. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं त्याहूनही सावकाश तयार होतात. खरी गोम इथेच आहे: दम दीड महिन्यात येतो, तेव्हा नडगीचं हाड अजून तयार झालेलं नसतं. माणूस दमावर विसंबून वेग वाढवतो आणि सप्टेंबरात लंगडतो.

'एक-एक टक्क्याची सुधारणा' ही कल्पना डेव्ह ब्रेल्सफर्ड यांच्या ब्रिटिश सायकलिंग संघामुळे सगळीकडे पोचली. झोपायची उशी, हात धुण्याची पद्धत, कपड्यांचं कापड, सगळं तपासलं गेलं. २००८ला बीजिंगमध्ये आणि २०१२ला लंडनमध्ये ब्रिटनला सायकलिंगची आठ-आठ सुवर्णपदकं मिळाली. पण ते सायकलपटू वर्षानुवर्षं पूर्णवेळ सराव करत आलेले होते. पायाभरणी झाल्यावर उरलेलं शेवटचं दळण ते दळत होते. आपण पायाच भरलेला नसताना उशी बदलतो.

याच्या शेजारी न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांची पद्धत ठेवून बघा. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू, म्हणजे पावणेदोन मिनिटांची शर्यत. तरीही पायाभरणीच्या काळात तो आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या घरात धावायचा. १९६०ला रोममध्ये ८०० मीटरचं सुवर्ण, १९६४ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्हींची सुवर्णं. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीला जर इतका पाया लागत असेल, तर ४२.१९५ किलोमीटरला किती लागेल?

पहाटवारा | १५ जुलै, सकाळी ९:०५

छान धागा. पटतंय, पण माझ्या आठवड्यात चूक नेमकी कुठे आहे ते कुणी दाखवेल का? वय ३९, वजन ६२. १० किमीची वेळ ५८ मिनिटं. मॅरेथॉनचं लक्ष्य ४:३०, म्हणजे साडेचार तास.

मंगळवार: ६ किमी, ६:०० पेस (किलोमीटरला ६ मिनिटं)
गुरुवार: ४०० मीटरचे ८ इंटरव्हल (जोरात धावायचे तुकडे), वॉर्म-अप धरून ६ किमी
शनिवार: ५ किमी, ६:०५ पेस
रविवार: १८ किमी, ६:२० पेस

एकूण ३५ किमी. बूट बदलायचेत, आणि बीटाचा रस सुरू करायचा विचार आहे.

घाटचढ | १५ जुलै, सकाळी १०:३०

नोंद व्यवस्थित दिलीत, त्यामुळे बोट ठेवता येतं.

५८ मिनिटांत १० किमी म्हणजे ५:४८ पेस. हा तुमचा जीव तोडून धावण्याचा वेग. मंगळवारी ६:०० आणि शनिवारी ६:०५ म्हणजे शर्यतीच्या वेगापेक्षा जेमतेम १२ ते १७ सेकंद हळू. तुम्ही ज्याला साधं धावणं म्हणताय ते टेम्पो, म्हणजे शर्यतीच्या जवळच्या वेगाचं धावणं, आहे.

आता रविवार. ४:३०साठी पेस लागतो ६:२४. तुमची लांब धाव ६:२०ची आहे, म्हणजे दर रविवारी तुम्ही लक्ष्याच्या वेगापेक्षा जोरात १८ किमी धावताय. मग सोमवारी पाय जड, मंगळवारी ओढाताण, गुरुवारी इंटरव्हल अर्धवट. आठवड्यात एकही धाव सावकाश नाही. शिवाय ३५ पैकी १८ एकाच दिवशी, म्हणजे निम्म्याहून जास्त भार एका सकाळी.

पुढचे तीन आठवडे हे करून बघा:

सोमवार सुट्टी. मंगळवार ६, बुधवार ५, गुरुवार ७, शुक्रवार सुट्टी, शनिवार ४, रविवार १६. बेरीज ३८. सगळं ६:५० ते ७:२०च्या दरम्यान. बुधवारी धाव संपल्यावर २० सेकंदांचे ६ स्ट्राइड्स, मध्ये दीड मिनिट चालणं. स्ट्राइड म्हणजे जोरात पण मोकळं धावणं, दात-ओठ खाऊन नव्हे.

४००चे इंटरव्हल सहा आठवडे बंद. ते वाईट नाहीत, पण मॅरेथॉनसाठी आत्ता त्यांची गरज नाही आणि पोटरी-टाचेवर त्यांचा ताण सगळ्यात जास्त. सहा आठवड्यांनंतर गुरुवारी टेम्पो आणा: १० मिनिटांचे दोन तुकडे, ६:००च्या आसपास, मध्ये ३ मिनिटं सावकाश. ऑक्टोबरपासून एकाआड एक रविवारी लांब धावेच्या उत्तरार्धात ३ किमीचे तीन तुकडे ६:२४ने, मध्ये १ किमी सावकाश.

वाढ अशी: तीन आठवडे चढतं, चौथ्या आठवड्यात २० ते २५ टक्के कमी. डिसेंबरच्या शेवटी मंगळवार १०, बुधवार ८, गुरुवार १०, शनिवार ६, रविवार २४, म्हणजे ५८ पर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. लांब धाव जास्तीत जास्त २८ किमी किंवा सव्वातीन तास, जे आधी होईल ते. तशी मोठी धाव दोनदाच करा आणि त्या आठवड्यात इतर दिवस कापा. तुमच्या पेसला ३२ किमी म्हणजे पावणेचार तास. त्यातून सावरायला दहा दिवस जातात आणि तेवढ्यात दुसरे दोन चांगले आठवडे बुडतात.

बीटाचा रस सध्या राहू द्या.

सागरतीर | १५ जुलै, दुपारी १:१५

अनुमोदन. मुंबईकरांसाठी एक भर.

इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड ठेवायला त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि त्याच पेसला ठोके वाढतात. धाव लांबली की वेग तोच ठेवूनही ठोके वर सरकत जातात. ऑगस्ट-ऑक्टोबरात मरीन ड्राइव्हवर ७:००ने धावताना घड्याळ लाल झोन दाखवेल, डिसेंबरात तोच पेस हिरवा दिसेल. म्हणून या दिवसांत पेसचा हट्ट सोडा आणि श्रमावर चाला.

मनगटावरच्या सेन्सरची एक खोड माहीत असू द्या. हात हलण्याचा ताल आणि नाडी यांत त्याची गल्लत होते. धाव सुरू करून दोन मिनिटांत ठोके १६८ आणि पावलंही मिनिटाला १६८ दिसली, तर तो आकडा नाडीचा नाही, पावलांचा आहे. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा. नेमका आकडा हवाच असेल तर छातीचा पट्टा घ्या.

आणि काहीही न विकत घेता करायची चाचणी: धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न' इतकं एका श्वासात सहज जात असेल तर वेग बरोबर. दर आकड्याला श्वास तुटत असेल तर हळू व्हा.

नवी_पेस | १५ जुलै, दुपारी ४:५०

मला हे एकतर्फी वाटतं. कार्बन प्लेटच्या बुटांचा फायदा प्रयोगशाळेत मोजलेला आहे, सरासरी ४ टक्के. साडेचार तासांचे ४ टक्के म्हणजे जवळपास ११ मिनिटं. कॅफीनचा फायदाही सिद्ध आहे. सराव करायचाच आहे, पण त्याबरोबर हे का नको? दोन्ही एकत्र करता येतं की.

घाटचढ | १५ जुलै, संध्याकाळी ६:२०

रास्त प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ते ४ टक्के वेळेचे नाहीत, धावताना लागणाऱ्या ऊर्जेचे आहेत. मोजमाप तगड्या धावपटूंवर, ताशी १४ ते १८ किमी वेगाला झालं. ४:३०च्या मॅरेथॉनचा वेग ताशी ९.४ किमी. या वेगाला झालेल्या मोजमापांत फायदा बराच कमी, साधारण एक टक्क्याच्या आसपास दिसतो, आणि तोही माणसागणिक बदलतो. काहींना उलट तोटा. तेव्हा ती ११ मिनिटं धरू नका.

दुसरं, या बुटांचा फोम जाड आणि मऊ, तळ अरुंद. घोटा आणि पायाच्या मधल्या भागावर वेगळाच भार येतो. अशा बुटांत धावणाऱ्यांच्या नॅव्हिक्युलर हाडाला, म्हणजे पायाच्या कमानीच्या वरच्या बाजूच्या छोट्या हाडाला, ताणाचं फ्रॅक्चर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बुटांमुळेच झालं हे सिद्ध नाही. पण रोजच्या सरावाला ते वापरू नयेत इतकं तर यातून निघतंच.

घ्यायचे असतील तर नोव्हेंबरात घ्या. तीन-चार टेम्पो आणि एक लांब धाव त्यात करा आणि मग शर्यतीला घाला. रोजचे साधे बूट मात्र आत्ताच तपासा: अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट. ५०० ते ८०० किमीच्या दरम्यान फोम बसतो. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा माप घ्या.

कॅफीनबद्दल तुमचं बरोबर आहे. शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅ, शर्यतीआधी तासभर. ६२ किलोला १८५ मिग्रॅ. सरावात दोनदा आजमावून बघा, कारण पहाटे रिकाम्या पोटी तेवढी कडक कॉफी अनेकांना थेट शौचालयात नेते.

एकत्र का करायचं नाही, तर लक्ष आणि वेळ मोजकाच असतो. नोकरी-घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास मिळतात. बुटांचे व्हिडिओ बघण्यात गेलेला रात्रीचा तास झोपेतूनच वजा होतो.

मीठपाणी | १५ जुलै, रात्री ९:१०

आहाराच्या बाजूने लिहिते. इथे 'पाया' आणि 'बारीकसारीक' यांची सरमिसळ होते. शर्यतीत कर्बोदकं खाणं हा पाया आहे. ती कुठल्या कंपनीच्या जेलमधून खायची, ही बारीक गोष्ट.

हिशोब बघा. धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी लागते. ६२ किलो गुणिले ४२.२, म्हणजे सुमारे २६०० कॅलरी. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. उरलेलं चरबीतून येतं, पण वेग जितका जास्त तितकं ग्लायकोजेन भराभर जातं. ३० किमीनंतर जी वॉल लागते, म्हणजे अंगातला जोर एकदम संपतो, ती बहुतेकदा हीच. जलद सुरुवात केलेल्याला ती लवकर लागते.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची. ४० धरले तर साडेचार तासांना १८० ग्रॅम. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे सात ते नऊ जेल. दर अर्ध्या तासाला एक. पहिलं ३०व्या मिनिटालाच, भूक लागायची वाट न बघता. जेलबरोबर साधं पाणी. जेल आणि गोड पेय एकत्र गेलं की आतड्यात साखर दाटते, पोट फुगतं, कळ येते.

जेल नको असेल तर पर्याय: मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, १० ग्रॅम गुळात ९ ग्रॅमच्या पुढे, मीठ लावलेल्या १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २० ग्रॅम. चिक्की शर्यतीत नको. दाण्यांतलं तेल आणि प्रथिनं पोटात रेंगाळतात. काहीही निवडा, पण दीड तासाच्या पुढच्या प्रत्येक धावेत तेच खा. आतड्यालाही सराव लागतो.

ओआरएसची एक चूक नेहमी होते. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी ओतली की मळमळतं. शिवाय लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, तेव्हा ते मीठ-पाणी भरून काढायला आहे, इंधन म्हणून नाही. आणि चार तासांच्या पुढे धावणाऱ्यांनी पाण्याचा अतिरेक टाळा. प्रत्येक टेबलावर तहान नसताना पाणी पीत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, भ्रम, पुढे जिवावर बेतू शकतं. लांब धावेआधी आणि नंतर वजन करा. किलो-दीड किलो उतरलं तर ठीक. वाढलं असेल तर जास्त पाणी जातंय.

रोजच्या जेवणात प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६२ किलोला ७५ ते १०० ग्रॅम. वरण-भात-भाजी-पोळीत हे निम्म्यावर अडकतं. शिजलेल्या डाळीच्या वाटीत ७ ते ९, दोन अंड्यांत १२, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २६. हे वाढवायला महागडी पावडर लागत नाही.

आणि यंदाच्या तयारीच्या मधोमध श्रावण आणि नवरात्र आहेत. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यातून कर्बोदकं भरपूर मिळतात, त्यामुळे धावायला जोर असतो, पण प्रथिनं जवळपास शून्य. दही, दूध, दाण्याची आमटी जोडा. निर्जळी असेल त्या दिवशी धावू नका.

अस्थिबंध | १६ जुलै, सकाळी ८:००

फिजिओच्या नजरेतून. मसाज गन, फोम रोलर, बर्फाचं पाणी, कॉम्प्रेशनचे मोजे यांनी बरं वाटतं. पण स्नायू आणि टेंडनची ताकद यातून वाढत नाही. ती आठवड्यातून दोनदा २५ मिनिटांच्या व्यायामाने वाढते.

जिन्याच्या पायरीवर एका पायाने टाच उचलणं: गुडघा सरळ ठेवून १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, मग गुडघा वाकवून तेवढंच. गुडघा वाकवला की सोलियसवर, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो, आणि धावताना सगळ्यात जास्त राबणारा स्नायू तोच. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. सरळ गुडघ्याने एका पायावर २५ सहज झाले की पाठीवर सॅक घ्या, त्यात ५ किलो तांदूळ. त्याबरोबर स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) प्रत्येक पायाला ८, तीन फेऱ्या, आणि साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग सरळ उचलून धरणं). हे दोन्ही वेळा धावेच्या दिवशीच, जसं गुरुवारी, धावेनंतर करा, सुट्टीच्या दिवशी नको. सुट्टी पूर्ण सुट्टी राहू दे.

नडगी दुखायला लागली तर बोटाने तपासा. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर भागात दुखत असेल आणि धाव सुरू केल्यावर कमी होत असेल तर किलोमीटर निम्मे करून बघा. एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी हाडावर दुखत असेल, धावताना वाढत असेल, रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. ताणाचं फ्रॅक्चर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा धावायला जाऊ नका, एमआरआयबद्दल विचारा.

मीठपाणी | १६ जुलै, सकाळी ८:४०

अस्थिबंध यांच्या मुद्द्याला जोडून: स्त्रियांची पाळी लांबली किंवा थांबली तर ते 'फिटनेस वाढल्याचं' लक्षण नाही. खाणं धावण्याला पुरत नाहीये, आणि हाडं याच काळात कमकुवत होतात. सतत थकवा, सोप्या धावेत दम लागणं, हे दिसलं तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकतं. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह नीट शोषलं जात नाही.

यवतेश्वर | १६ जुलै, सकाळी ११:२५

चढाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मुंबईच्या परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, ग्लायकोजेन संपत आलेलं असताना येतो. चढ तसा लहान आहे. त्याची धास्ती आहे ती तो जिथे येतो त्या जागेमुळे. तिथे पेस बघू नका, श्वास बघा. किलोमीटरला ३०-४० सेकंद गेले तरी चालतील.

सातारा हिल हाफमध्ये, म्हणजे साताऱ्याच्या घाटातल्या अर्धमॅरेथॉनमध्ये, नाव दिलेले बरेच जण इथे असतील. यवतेश्वरचा घाट चढून वळायचं आणि तोच उतरायचा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही तो याच्यामुळे. मुंबईचं लक्ष्य असेल तर साताऱ्याला शर्यत म्हणून धावू नका, डोंगरातली लांब धाव म्हणून धावा आणि पुढचे पाच दिवस फक्त सावकाश. ज्यांना घाट नाही त्यांनी टेकडी किंवा उड्डाणपूल घ्यावा, आठवड्यातल्या एका सोप्या धावेत सहा-आठ चढ, अंतर २०० मीटर, उतरताना चालत.

पहाटवारा | २४ जुलै, रात्री ९:३५

धन्यवाद सगळ्यांना. नव्या आठवड्याच्या पाचही धावा झाल्या, ७:०५च्या सरासरीने. एक शंका: हळू धावायला लागल्यापासून घड्याळातला व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा) दोनने उतरला. सराव उलट्या दिशेने चाललाय का?

सागरतीर | २४ जुलै, रात्री १०:१५

नाही. घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. पेस आणि ठोके यांवरून अंदाज बांधतं. दमट हवेत ठोके वर जातात, पेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून अंदाज खाली जातो. तो स्क्रीन बंद ठेवलात तरी काही बिघडत नाही.

त्याऐवजी महिन्यातून एकदा हे करा: ठरलेला सपाट ५ किमीचा टप्पा, ठरलेली वेळ, आदल्या दिवशी सुट्टी. दहा मिनिटं वॉर्म-अप करून ठोके १४०ला धरून धावा आणि किती वेळ लागला ते लिहा. हवामानही लिहा. सप्टेंबर आणि डिसेंबर यांचे आकडे सरळ ताडून बघू नका, हवा वेगळी असते. लागोपाठच्या दोन महिन्यांत त्याच ठोक्यांना पाच-दहा सेकंद जरी कमी लागले तरी काम होतंय.

झोपेचा आकडाही याच वहीत लिहा. पहाटे पाचला निघायचं तर साडेनऊला पडायला हवं. रात्र पाच तासांची झाली तर दुसऱ्या दिवशीचा टेम्पो रद्द, त्याऐवजी सावकाश ५ किमी.

नवी_पेस | २५ जुलै, सकाळी ७:२०

बुटांबद्दल पटलं. मग पाया भरून झाल्यावर बारीक गोष्टींत आधी काय घ्यावं? काहीतरी क्रम असेलच.

घाटचढ | २५ जुलै, सकाळी ९:००

सलग बारा आठवडे ठरल्याच्या नव्वद टक्के धावा झाल्या असतील तर जरूर घ्या. आधी फुकटातल्या.

सगळ्यात मोठी सुरुवातीच्या पाच किमीतली. ४:३०साठी ६:२४ हवा, पण पहिले पाच ६:३५ने जा. नुकसान किती? ५५ सेकंद. उलट जोरात सुटून ३२ नंतर वॉल लागली आणि शेवटचे दहा किमी ९:००ने चालत-पळत काढले, तर २६ मिनिटं जातात. इतका फरक कुठल्याच बुटाने भरून निघत नाही.

मग वळणं. मार्ग मोजताना वळणांच्या आतल्या बाजूची सर्वात जवळची रेषा धरतात. रस्त्याच्या बाहेरच्या कडेने धावलात की घड्याळावर ४२.७ दिसतं. अर्धा किमी जास्त म्हणजे ६:२४ने तीन मिनिटं बारा सेकंद.

मग टेपर. शेवटचे दोन आठवडे किलोमीटर कापा, ५८वरून ४० आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून २०. धावण्याचे दिवस आणि वेग तेच ठेवा, फक्त लांबी कमी. पाय ताजे वाटतात म्हणून शेवटच्या बुधवारी १५ किमी मारायचा मोह होतो, तेवढा आवरा.

त्यानंतर कॅफीन, मग बूट. बीटाचा रस सगळ्यात शेवटी.

पहाटवारा | ११ ऑगस्ट, सकाळी ८:१०

तिसऱ्या आठवड्यात ताप आला, सहा दिवस धावणं बंद. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह. बुडालेले ३८ किमी पुढच्या दोन आठवड्यांत वाटून घेऊ का?

घाटचढ | ११ ऑगस्ट, सकाळी ८:५५

नको, ते सोडून द्या. गोळी न घेता ताप उतरून पूर्ण दोन दिवस झाले असतील तर उद्या ३ किमी, त्यातले निम्मे चालत. उठल्याबरोबरची नाडी नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल तर उद्याही नाही. पहिला आठवडा २६ ते २८ किमी, रविवारी १०, सगळं सतराच्या पाढ्याच्या वेगाने. दुसऱ्या आठवड्यात ३४. स्ट्राइड्स तिसऱ्या आठवड्यापासून. छातीत दुखणं, धडधड किंवा अवेळी दम लागला तर थांबा आणि ईसीजी करून घ्या, काही विषाणूंचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो. डेंग्यू निघाला असता तर डॉक्टरांनी रक्त तपासून हो म्हटल्याशिवाय बूटही घालायचे नव्हते.

नोंदवहीत ते सहा दिवस कोरे सोडू नका. तापाचे आकडे आणि सकाळची नाडी लिहून ठेवा.